प्राचीन इजिप्तची कला आणि धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या चित्रांचा आणि मूर्तींचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. माणसं अशी तिरपी का चालतात? देवांना प्राण्यांची तोंडं का? सगळ्यांची नाकं कुणी फोडली? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेक उत्तरांचं मूळ एकच आहे. ही कला कुणी कौतुकानं बघावी म्हणून केलेली नव्हती, तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं. ते काम कोणतं, हे लक्षात आलं की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

बघण्यासाठी नव्हती, मग इतकी मेहनत कशाला?

सक्कारा इथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. 2650 च्या आसपासचा. त्याच्या उत्तर बाजूला दगडाची एक बंद खोली आहे. तिला दार नाही. आत राजाची बसलेली चुनखडीची मूर्ती होती आणि समोरच्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीवर, दोन भोकं. ती भोकं आपण आत डोकवावं म्हणून नव्हती. राजाला बाहेर बघता यावं, समोर जाळलेल्या धुपाचा वास त्याच्यापर्यंत पोचावा, म्हणून होती. (मूळ मूर्ती आता कैरोच्या संग्रहालयात आहे, जागेवर नक्कल ठेवलीय. पर्यटक अर्थातच आत डोकावतात.)

थडग्यांचंही तसंच. बाहेरच्या दालनात नातेवाईक नैवेद्य घेऊन येत, पण खालची दफनाची खोली एकदा बंद झाली की झाली. राणी नेफरतारीच्या थडग्यातलं निळं छत आणि त्यावरच्या सोनेरी चांदण्या 1904 मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली या इटालियन संशोधकानं उजेडात आणल्या. त्या रंगवल्या होत्या अंधारात राहण्यासाठी, कारण मेलेल्या राणीला आभाळ हवं होतं. भिंतीवर काढलेली भाकरी ही मृतासाठी भाकरीच होती. नातेवाईक पुढेमागे नैवेद्य आणायचे विसरले तरी भिंतीवरची भाकरी संपणार नव्हती.

मूर्ती जिवंत आहे असं ते खरंच मानायचे?

हो, पण आपोआप नाही. मूर्ती घडवून झाली की तिचा ‘मुखोद्घाटन’ विधी व्हायचा. पुरोहित सुताराच्या वाकसासारखं हत्यार मूर्तीच्या तोंडाला आणि डोळ्यांना लावायचा. त्यानंतर ती मूर्ती खाऊ शकते, बघू शकते, श्वास घेऊ शकते, असं धरलं जाई. हाच विधी ममीवरही होई. म्हणजे मूर्ती आणि मृतदेह यांना धर्मानं एकाच मापानं मोजलं होतं. दोन्ही ‘का’चं, म्हणजे माणसातल्या जीवनशक्तीचं, बसायचं ठिकाण. देह कुजला, चोरांनी जाळला, तर मूर्ती हाताशी असावी.

मूर्तिकाराला त्यांच्या भाषेत एक शब्द होता, ‘सेआंख’. अर्थ: जगवणारा.

यात कौशल्याचा भाग केवढा होता याची एक गोष्ट सांगतात. 1871 मध्ये मेदुम इथे राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याचं थडगं उघडलं. पहिला मजूर दिवा घेऊन आत गेला आणि ओरडत बाहेर पळाला. अंधारात दोन माणसं त्याच्याकडे टक लावून बघत होती. स्फटिक बसवलेले ते डोळे आजही फोटोतसुद्धा अस्वस्थ करतात.

म्हणजे आपल्या प्राणप्रतिष्ठेसारखंच झालं की!

हा प्रश्न मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, आणि तुलना चुकीची नाही. इजिप्तच्या देवळात रोज पहाटे पुरोहित गाभाऱ्याचं सील तोडायचा, देवाला उठवायचा, धुवायचा, नवं वस्त्र नेसवायचा, सुगंधी तेल लावायचा, पुढे जेवण मांडायचा. काकडआरतीला गेलेल्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. पण या साम्यावरून ‘एकाकडून दुसऱ्याकडे गेलं’ असं म्हणायला पुरावा लागतो, तो नाही. मूर्तीत देव आहे असं एकदा मानलं की त्याला भूक लागणार, आंघोळ लागणार. ही तर्काची सरळ वाट आहे.

फरक मात्र मोठा आहे. तिथे दर्शन नव्हतं. सामान्य माणूस बाहेरच्या अंगणापर्यंत, फार तर सणाच्या दिवशी. आत जावं तसतशी जमीन चढत जाते, छत उतरत जातं, उजेड कमी होत जातो. कर्नाकच्या देवळातल्या खांबांच्या दालनात 134 खांब आहेत, पपायरस या पाणवनस्पतीसारखे. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून वर आलेल्या दलदलीचं ते रान. गाभारा म्हणजे त्या पाण्यातून निघालेला पहिला उंचवटा. देव बाहेर यायचा तो सणाला, पुरोहितांच्या खांद्यावरच्या नावेतून, आणि तेव्हाही झाकलेला.

चेहरा बाजूनं, छाती समोरून, पाय पुन्हा बाजूनं. त्यांना चित्र काढता येत नव्हतं का?

येत होतं, आणि याचा पुरावा त्यांनीच ठेवलाय. देर अल-मदिना या कारागिरांच्या गावात चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर काढलेली शेकडो चित्रं सापडली. हंस राखणारं मांजर, मांजराकडून सेवा करून घेणारी उंदीरबाई, मागे कमान टाकलेली नर्तकी. रेष इतकी मोकळी की आजच्या व्यंगचित्रकारानं हेवा करावा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातली चित्रं आहेत, इ.स.पू. 1350 च्या सुमाराची. त्यात मेजवानीला वाजवायला बसलेल्या दोघीजणींचे चेहरे चक्क समोरून काढलेत.

मग नेबामुन स्वतः तिरपा का? कारण वाजवणाऱ्या बाया आज या मेजवानीत आहेत, उद्या दुसऱ्या. नेबामुनला मात्र त्या चित्रात अनंतकाळ राहायचं होतं. एका जागी उभं राहून जे दिसतं ते काढलं तर माणसाचा एक हात झाकला जातो, एक खांदा आखडतो. आणि जे चित्रात नाही ते परलोकात नाही. म्हणून प्रत्येक अवयव त्याच्या सगळ्यात ओळखू येणाऱ्या बाजूनं घ्यायचा: नाक बाजूनं, डोळा समोरून, खांदे दोन्ही, पाय चालते. हा माणसाचा फोटो नव्हे, माणसाची पूर्ण यादी आहे. नीट बघितलंत तर कित्येक चित्रांत दोन्ही पावलांचे अंगठे आपल्याच बाजूला दिसतील, आणि कधी दोन्ही हात डावे. त्यांना त्याची फिकीर नव्हती.

मोठा माणूस मोठा, बायको लहान, नोकर गुडघ्याएवढे, हाही अंतराचा हिशेब नाही, मानाचा आहे.

तीन हजार वर्षं एकच शैली? कंटाळा नाही आला?

आपण ‘नवीन’ या शब्दाला फार मान देतो. त्यांच्याकडे तो मान ‘मात’ला होता. मात म्हणजे सत्य, न्याय, आणि सृष्टीची घडी बसलेली असणं, तिन्ही एकत्र. आणि ती एक देवीही, डोक्यावर पीस खोचलेली. नदीला पूर वेळेवर यावा, सूर्य उगवावा, राजानं शत्रूला केसांनी धरावं. हे जसं पहिल्यांदा झालं तसंच होत राहिलं पाहिजे. इ.स.पू. 3100 च्या सुमाराच्या नार्मेर राजाच्या शिलापट्टावर राजा गदा उगारून शत्रूच्या केसांना धरून उभा आहे. तीन हजार वर्षांनी ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या देवळांवरही राजा तोच, पवित्रा तोच.

हे प्रमाण राखायची पद्धत अगदी व्यवहारी होती. लाल रंगात बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची आणि फटकारायची, आपल्याकडे सुतार सूत मारतात तशी. अशा रेघांची चौकटी जाळी तयार झाली की उभ्या माणसाला तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत 18 घरं. राजांच्या घाटीत होरेमहेब राजाचं थडगं अर्धवट राहिलंय, तिथे हा कारखाना थांबलेला दिसतो: लाल कच्ची आखणी, वर मुख्य चित्रकारानं काळ्या रेघेनं केलेल्या दुरुस्त्या, आणि मग कुठे छिन्नी लागलेली, कुठे नाही. मला रंगवून पूर्ण झालेल्या थडग्यांपेक्षा हे जास्त आवडतं. गुरुजींनी वही तपासलीय, असं वाटतं.

आणि बदल झालेच नाहीत असंही नाही. उत्तरकाळात 18 ची 21 घरं झाली, चेहरे बदलले, अंगं कधी सडसडीत कधी भरीव झाली. सराव झालेला डोळा मूर्ती बघून कालखंड सांगतो.

देवांना प्राण्यांची डोकी का?

देव खरोखर तसा दिसतो म्हणून नाही. ते डोकं म्हणजे देवाच्या स्वभावाची खूण. वाळवंटाच्या कडेला, जिथे प्रेतं पुरत तिथे, कोल्हे उकरायला यायचे. ज्याची भीती त्यालाच राखणदार केलं: अनुबिस, ममी करण्याचा देव, काळ्या कोल्ह्याच्या रूपात. सेखमेत सिंहीण, कारण रोगराई तीच धाडते आणि बरंही तीच करते. आमेनहोतेप तिसऱ्यानं तिच्या शेकडो दगडी मूर्ती घडवून घेतल्या.

सगळ्यात सुंदर कल्पना शेणकिड्याची. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा पाहून त्यांना सूर्याचा गोळा ढकलणारा देव दिसला, खेप्री. नेफरतारीच्या थडग्यात खेप्री सिंहासनावर बसलाय, आणि मानेच्या वर चेहऱ्याच्या जागी अख्खा किडा. पहिल्यांदा बघताना हसू येतं. मग वाटतं, पहाटेला याहून नेमकं चित्र कोणतं?

एकच देव वेगवेगळ्या रूपांत येतो हेही ध्यानात ठेवा. लेखनाचा देव थोथ कधी शराटी पक्षी, कधी बबून माकड. कुठलंही एक रूप देवाला पुरं पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रंगांना काही अर्थ होता?

भरपूर. ओसिरिस हा मेलेल्यांचा राजा, पण त्याचा चेहरा हिरवा, कधी काळा. दोन्ही रंग शोकाचे नाहीत. काळा म्हणजे पुरानं आणून टाकलेला गाळ; देशाचं नावच ‘केमेत’, काळी भूमी. हिरवा म्हणजे त्या गाळातून उगवलेलं पीक. ओसिरिस मेला आणि पुन्हा उगवला, तेच त्याच्या तोंडावर रंगवलंय.

देवांची कातडी सोन्याची, हाडं चांदीची, केस लाजवर्द या निळ्या दगडाचे, असं त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. म्हणून तुतनखामुनचा मुखवटा सोन्याचा, साधारण 10 किलो वजनाचा. ती नुसती श्रीमंती नव्हती. मेलेला राजा आता देवाच्या कातडीत आहे असं ते विधान होतं. मुखवट्याच्या पाठीवर मंत्र कोरलाय, त्यात मुखवट्याचा एकेक अवयव एकेका देवाशी जोडलाय. लाजवर्द यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. इतका महाग दगड भिंतीला परवडणार कसा? म्हणून वाळू, तांबं, चुना आणि क्षार भट्टीत भाजून त्यांनी निळा रंग स्वतः तयार केला. माणसानं बनवलेल्या पहिल्या कृत्रिम रंगांत त्याची गणना होते.

चित्रलिपी हीसुद्धा कला धरायची का?

त्यांच्या लेखी चित्र आणि अक्षर यांत भिंत नव्हतीच. आणि चित्र जर जिवंत होऊ शकतं, तर अक्षरही होऊ शकतं! दफनाच्या खोलीतल्या मजकुरात म्हणूनच मजेशीर, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फार गंभीर, खबरदारी दिसते. सिंहाचं अक्षर मधून कापलेलं, सापाची शेपूट गायब, पक्ष्यांना पाय नाहीत. रात्री उठून मृतावर चालून जायला नकोत.

न काढलेल्या चित्रांतूनही हेच कळतं. सेतनं भावाचा, ओसिरिसचा, खून केला ही त्यांच्या धर्मातली मध्यवर्ती कथा. तो खून मात्र ते चित्रात दाखवत नाहीत. काढला तर पुन्हा घडेल.

थडग्यात त्या छोट्या बाहुल्या कसल्या?

उशाब्ती. परलोकातही शेती होती, पाटाचं पाणी होतं, आणि वरून वेठबिगारीचं बोलावणं येण्याची धास्ती होती. बोलावणं आलं की बाहुलीनं ‘मी हजर आहे’ म्हणून पुढे व्हायचं. तसा मंत्र तिच्या अंगावर लिहिलेला असे. तुतनखामुनकडे 413 होत्या: वर्षाच्या दिवसागणिक एक अशा 365 कामकरी, दर दहा जणांवर एक असे 36 मुकादम, आणि महिन्याला एक असे 12 वरचे मुकादम. मेल्यावरही कारकुनी सुटली नाही.

हृदय तोलण्याचं ते प्रसिद्ध चित्र काय सांगतं?

तराजूच्या एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात मातचं पीस. अनुबिस काटा बघतो, थोथ नोंद करतो, आणि बाजूला अम्मित वाट बघत बसते: मगरीचं तोंड, सिंहाचा पुढचा भाग, पाणघोड्याचं मागचं अंग. हृदय पापानं जड निघालं की ते तिच्या घशात. ब्रिटिश म्युझियममधल्या आनी आणि हुनेफेर या मृतांच्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर हा प्रसंग फार सुरेख आहे.

पण बारकाईनं पाहा. काटा नेहमी समतोल असतो. जड निघालेलं हृदय कुणीच काढत नाही, कारण पुन्हा तेच: काढलं की झालं. शिवाय छातीवर शेणकिड्याच्या आकाराचा ताईत ठेवत, त्यावर हृदयाला विनवणी कोरलेली, की बाबा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. न्यायावर श्रद्धा होतीच, पण साक्षीदाराला आधीच गाठून ठेवलेलं बरं.

अखेनातेननं नेमकं काय बिघडवलं?

इ.स.पू. 1353 च्या सुमारास गादीवर आलेल्या आमेनहोतेप चौथ्यानं अखेनातेन असं नाव घेतलं, आतेन या सूर्यबिंबाला एकमेव देव केलं आणि आजच्या अमार्ना इथे नवी राजधानी वसवली. धर्म बदलला आणि त्याच वेळी रेषही बदलली. लांबट चेहरा, जाड ओठ, सुटलेलं पोट, रुंद मांड्या. राजाराणी मुलींना मांडीवर घेऊन बसलेत, मुके घेतायत. प्राणीमुखी देव गेले. वर फक्त एक तबकडी, तिचे किरण खाली येतात आणि प्रत्येक किरणाला शेवटी इवलासा हात.

त्याच्या शरीराला कुठला आजार होता यावर डॉक्टरांनी पुष्कळ लिहिलंय. मला ते तितकंसं पटत नाही. सगळ्या देशाची कला ठरीव जाळीवर चालत असताना राजाच्या आकृतीला 18 ऐवजी 20 घरं दिली गेली, ती कुणीतरी ठरवूनच. आई आणि बाप दोन्ही असलेला देव राजाच्या अंगात दाखवायचा असेल, हा खुलासा मला जास्त जवळचा वाटतो.

याच शहरात, थुतमोस या मूर्तिकाराच्या कार्यशाळेच्या अवशेषांत, 6 डिसेंबर 1912 रोजी लुडविग बोरखार्ट यांच्या जर्मन पथकाला अखेनातेनच्या राणीचं, नेफरतितीचं, मस्तक सापडलं. ते आज बर्लिनमध्ये आहे, आणि इजिप्त ते परत मागतंय.

अखेनातेनची माणसं देशभर फिरून आमुन देवाचं नाव खरवडत होती. त्याच्या स्वतःच्या बापाच्या नावातला आमुनही सुटला नाही. तो गेल्यावर लोकांनी त्याचं नाव तसंच खरवडलं.

मूर्तींची नाकं कुणी फोडली?

नाक पुढे असतं, पडताना तेच आधी जातं, हे खरं. पण सपाट भिंतीवरच्या कोरीव चेहऱ्यांचीही नाकं छिन्नीनं उडवलेली दिसतात, तेव्हा ते पडून झालेलं नाही. नाक फोडलं की मूर्तीचा श्वास बंद. नैवेद्य घेणारा हात तोडला की जेवण बंद. थडगं लुटणाऱ्या चोरांना मृताच्या सुडाची भीती होती. नंतर ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या देवांत सैतान दिसत होता. दोघांनी केलं तेच. गंमत अशी की मूर्ती फोडणाराही ती जिवंत आहे असंच मानत होता.

नाव खोडणं ही त्याहून मोठी शिक्षा. दाढी लावून पुरुषी राजवेषात मूर्ती घडवून घेणाऱ्या हातशेपसुत या राज्यकर्त्या राणीची नावं आणि आकृत्या तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी पुढचा राजा थुतमोस तिसऱ्यानं काढायला लावल्या.

हे करणारे कलाकार कोण होते?

‘कला’ असा सुटा शब्द त्यांच्या भाषेत नव्हता. होता तो ‘हेमूत’, कारागिरी. कारागिरांचा देव प्ताह, आणि मेम्फिसमधल्या त्याच्या मुख्य पुरोहिताची पदवीच ‘कारागिरांचा थोर नायक’ अशा अर्थाची. सही करायची पद्धत जवळजवळ नाही. अपवाद आहेत: इर्तिसेन नावाच्या एकानं आपल्या शिळेवर, जी आता पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे, पुरुषाची चाल आणि बाईची ढब मला कशी साधते ते ऐटीत सांगून ठेवलंय.

देर अल-मदिनाचे लोक सरकारी नोकर. पगार धान्यात. रामसेस तिसऱ्या राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा ‘आम्ही उपाशी आहोत’ म्हणत ते काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. नोंदीत सापडणारा हा सर्वांत जुना संप मानतात. यांच्यापैकीच सेन्नेजेमनं स्वतःचं थडगं रंगवून घेतलं: नवराबायको परलोकात नांगरतायत, पेरतायत, कापणी करतायत, पांढऱ्याशुभ्र ठेवणीतल्या कपड्यांत. ज्यानं कधी शेत कसलंय तो असं काढणार नाही.

ममीचा शाप?

तुतनखामुनचं थडगं उघडणारा हॉवर्ड कार्टर 1922 नंतर सतरा वर्षं जगला. पुढचा प्रश्न.

हे सगळं थांबलं कधी?

एकदम नाही. ग्रीक आले, रोमन आले, तरी देवळं बांधली जात राहिली. फिले बेटावरच्या मंदिरात 24 ऑगस्ट 394 या तारखेचा चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख आहे. नंतर ती लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, 1822 मध्ये शाँपोलियॉन या फ्रेंच अभ्यासकाला ती उलगडेपर्यंत.

इथून जवळ कुठे बघायला मिळेल, आणि बघताना काय बघू?

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या संग्रहालयात एक ममी आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2023-24 मध्ये भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोमची शिल्पं शेजारी शेजारी मांडली होती. सलग आणि भरपूर बघायचं तर कैरो, लक्सर, तुरीन, लंडन किंवा बर्लिन.

कुठेही गेलात तर चेहऱ्याच्या आधी नाक, हात आणि नाव शाबूत आहे का ते बघा. मग शिळेवरच्या लेखाचं भाषांतर पाटीवर दिलं असेल तर शोधा. बहुतेक लेख ‘हेतेप दी नेसू’, म्हणजे राजानं दिलेला नैवेद्य, अशा शब्दांनी सुरू होतात, आणि पुढे मागणी: हजार भाकऱ्या, हजार घागरी बिअर, बैल, पक्षी, वस्त्रं. काही थडग्यांत तर थेट आपल्याशी बोलणं आहे. इथून जाणाऱ्या जिवंत माणसांनो, जवळ द्यायला काही नसेल तर नुसते हे शब्द मोठ्यानं म्हणा. तुमचा फक्त तोंडचा वारा खर्च होईल.